बर्लिनचे प्रजासत्ताक आणि कॅसलरॉकची सरहद्द

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात कॅसलरॉक नावाचे रेल्वे स्थानक आहे. दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या पर्यटकांना ते ठाऊक असते. १९४७ पर्यंत हे स्थानक दोन साम्राज्यांच्या सरहद्दीवर होते. अलीकडे ब्रिटिशांचा मुंबई इलाखा आणि पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. गाडी घाट उतरून ज्या कुळे स्थानकावर पोचे, ते पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होते. २९ सप्टेंबर १९४६ रोजी याच कुळे स्थानकावर पोर्तुगीज पोलिसांनी डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक केली आणि आग्वादच्या किल्ल्यात डांबले. त्याआधी १८ जून रोजी त्यांनी मडगावात भर पावसात बंदी मोडून सभा घेतली होती. गोवा मुक्तिलढ्याच्या नव्या पर्वाची सुरुवात या सभेपासून मानली जाते.

लोहिया गोव्यात आले होते ते असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी पाहुणे म्हणून. या दोघांची मैत्री बर्लिनमध्ये जुळली होती. मिनेझिस तिथे वैद्यकशास्त्र शिकत होते आणि लोहिया मिठाच्या सत्याग्रहावर प्रबंध लिहीत होते. लोहिया १९२९ च्या सुमारास तिथे पोचले आणि १९३३ मध्ये परतले. एका प्रजासत्ताकाची अखेरची वर्षे त्यांनी त्याच्या राजधानीत राहून पाहिली. त्याच काळात एक मराठी संशोधक स्त्री त्या शहरात मानवी कवट्या मोजत होती. तिचे थोरले दीर मुंबईत एक मासिक चालवत होते, आणि ज्या विषयांवर बर्लिनमध्ये संस्था उभी होती त्याच विषयांवर त्यांना इथे कोर्टात खेचले जात होते.

चौदा वर्षांचे प्रजासत्ताक

पहिल्या महायुद्धात पराभव समोर दिसू लागल्यावर ९ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मनीत प्रजासत्ताकाची घोषणा झाली. राज्यघटना वायमार या गावी तयार झाली, म्हणून त्याला वायमार प्रजासत्ताक म्हणतात. जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी प्रथमच राष्ट्रीय पातळीवर मतदान केले. नव्या घटनेने सेन्सॉरशिप रद्द केली, पण चित्रपटांचा आणि तरुणांना बिघडवणाऱ्या ‘घाणेरड्या’ वाङ्मयाचा अपवाद ठेवला. कलम ४८ नुसार आणीबाणीत अध्यक्षांना संसदेला बाजूला ठेवून वटहुकूम काढता येत होते. पुढे या दोन्ही फटी रुंदावत गेल्या.

संकटे एकामागून एक आली. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. १९२९ च्या जागतिक मंदीनंतर बेकारांची संख्या वाढत जाऊन १९३२ च्या सुरुवातीला ६० लाखांवर गेली. मतपेटीत याचे प्रतिबिंब पडले. नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के मते होती. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के.

या अस्थिर चौकटीत कला मात्र बहरली. ओटो डिक्सने १९२६ मध्ये पत्रकार सिल्व्हिया फॉन हार्डेनचे चित्र रंगवले. आखूड केस, डोळ्यावर एकच भिंगाचा चष्मा, हातात सिगारेट आणि कॅफेचे टेबल अशी ती बसली आहे, आणि आपण कशा दिसतो याची तिला जराही पर्वा नाही. हाना होख ही चित्रकार मासिकांतील छायाचित्रे कात्रीने कापून त्यांची नवी चित्रे जुळवी. तिच्या एका प्रसिद्ध मालिकेत संग्रहालयातील आफ्रिकी आणि आशियाई मूर्तींचे तुकडे आधुनिक युरोपीय स्त्रियांच्या देहाला जोडलेले दिसतात. या काळात होख आपली सहचरी, डच लेखिका तिल ब्रुगमन, हिच्यासोबत राहत होती. जॉर्ज ग्रोस्झने आपल्या रेखाटनांतून लष्करशहा, शेटजी आणि पाद्री यांची सालटी काढली. त्याबद्दल त्याच्यावर अश्लीलतेचा आणि पुढे धर्मनिंदेचा खटलाही झाला. प्रजासत्ताक मोकळे होते, तरी त्याची न्यायालये आणि त्यांतले बरेचसे न्यायाधीश बादशाही काळातलेच होते.

जर्मन चित्रपटांचा प्रकाश-अंधाराचा खेळ महाराष्ट्रापर्यंतही पोचला. प्रभातच्या ‘सैरंध्री’ या १९३३ च्या चित्रपटाच्या रंगीत प्रती करण्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. परतल्यावर त्यांनी १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ केला. त्यातील राजगुरूच्या एकाच डोळ्याचे पडदाभर दिसणारे दृश्य आजही चित्रपट-अभ्यासक दाखवतात. ते टिपले गेले जर्मनीहून आणलेल्या टेलिफोटो भिंगाने.

माग्नुस हिर्शफेल्डची संस्था

जर्मन दंडसंहितेचे कलम १७५ पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले, तेव्हापासून ते लागू होते. डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड या ज्यू डॉक्टरने १८९७ मध्ये बर्लिनमध्ये एक समिती स्थापून या कलमाविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू केली. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणारी ही जगातली पहिली संघटना मानली जाते. ६ जुलै १९१९ रोजी, प्रजासत्ताक वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा, हिर्शफेल्डने टियरगार्टन बागेजवळच्या एका वाड्यात लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली.

दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय आणि व्याख्यानगृह असे सारे त्या एका वाड्यात होते. विवाहापूर्वीचा सल्ला आणि संततिनियमनाची माहिती तिथे मिळे. गुप्तरोगांवर उपचार होत. समलिंगी माणसे भीती न बाळगता डॉक्टरांशी बोलू शकत. पारलिंगी व्यक्तींना त्यांच्या पसंतीच्या पोशाखात वावरता यावे म्हणून संस्थेचे डॉक्टर दाखले देत आणि त्यांच्या आधारे बर्लिनचे पोलीस परवाना देत. जगातील पहिल्या लिंगबदल शस्त्रक्रियांपैकी काही या संस्थेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाल्या. १९१९ मध्येच हिर्शफेल्डने ‘आंडर्स आल्स डी आंडर्न’, म्हणजे ‘इतरांहून वेगळा’, या मूकपटात भाग घेतला. समलिंगी नायकाकडे सहानुभूतीने पाहणारा हा अगदी सुरुवातीचा चित्रपट. नायक होता कोनराट फाइट. त्यानेच १९२१ च्या ‘इंडियन टूम्ब’ या जर्मन चित्रपटात भारतीय महाराजाची भूमिका केली. चित्रपटांना सेन्सॉर लावण्याचा अपवाद लगेच कामी आला आणि १९२० मध्ये हिर्शफेल्डच्या चित्रपटाच्या सार्वजनिक खेळांवर बंदी आली.

रस्त्यावरचे बर्लिन याहून धीट होते. ‘एल्डोराडो’सारख्या नाचघरांत स्त्रीवेषातले पुरुष आणि पुरुषवेषातल्या स्त्रिया उघडपणे वावरत. समलिंगी पुरुषांचे ‘डी फ्रॉइंडशाफ्ट’ आणि स्त्रियांचे ‘डी फ्रॉइंडिन’ ही नियतकालिके दुकानांत विकली जात. १९२९ मध्ये राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, समितीने कलम १७५ काढून टाकण्याच्या बाजूने मतदान केले. पण मंदी आली, राजकारण बिघडले आणि तो ठराव कायदा होण्याआधीच राहून गेला.

हिर्शफेल्ड नोव्हेंबर १९३० मध्ये व्याख्यानांसाठी बाहेर पडला तो जर्मनीत पुन्हा परतलाच नाही. अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करत तो १९३१ च्या शरदात भारतात आला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि कॅथरिन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकावर टीका केली.

१४९ कवट्या

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला पोचल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची ही सून. सासऱ्यांचा तिच्या परदेशी शिक्षणाला विरोध होता. पती दिनकर यांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतली होती आणि त्यांनीच आग्रह धरला. पैशांची सोय जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जातून झाली. बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत त्या दाखल झाल्या. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन करून नाव कमावलेला आणि वंशश्रेष्ठतेवर ठाम विश्वास असलेला हा माणूस.

इरावतीबाईंना दिलेला विषय कवट्यांच्या असमानतेचा होता. गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक विकसित असतो, म्हणून त्यांच्या कवट्या अधिक असमान असतात आणि म्हणून ते अधिक विचारी असतात, असा अंदाज फिशर यांनी बांधला होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. वसाहतीतून आलेली पंचविशीतील मुलगी आपल्या मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धान्ताविरुद्ध आकडे मांडत होती, तेही त्याच्याच संस्थेत. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पुढची वाटचाल मात्र सरळ नव्हती. भारतात परतल्यावरही इरावतीबाई जातीजमातींची शारीरिक मापे घेत राहिल्या. ती पद्धत बर्लिनहूनच आलेली होती. तरी त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मापांपलीकडचे आहे. भारतातील नातेव्यवस्थेवरचा १९५३ चा ग्रंथ आणि महाभारतातील पात्रांना माणूस म्हणून वाचणारे ‘युगान्त’ हे ते काम. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या निवृत्तीनंतर युद्धकाळात त्या संस्थेच्या संशोधकांना आउश्वित्झच्या छावणीतून मृत कैद्यांचे अवयव मिळू लागले.

मुंबईतले मासिक

इरावतीबाईंचे थोरले दीर रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. असे भारतातले ते पहिले केंद्र. या कामामुळे १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लेखन, संपादन आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरे हे सारे बहुतांशी एकट्याचे. ‘शारदेची पत्रे’ हे सदरही तेच लिहीत. घरखर्च पत्नी मालतीबाईंनी सांभाळला.

मासिकात संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन, स्त्रीची कामेच्छा, नग्नता आणि समलिंगी आकर्षण या विषयांवर कुजबुजीत नव्हे, सरळ वाक्यांत लिहिले जाई. ‘पाप’ हा शब्द कर्व्यांनी या चर्चेतून बाहेर ठेवला. एखाद्या कृतीने कुणाला इजा होते का, एवढाच प्रश्न ते विचारत. हिर्शफेल्डच्या संस्थेत डॉक्टर समोर बसून जे सांगत, तेच इथे टपालाने, छापील उत्तरांतून मिळत होते.

सरकारने १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल कर्व्यांना कोर्टात उभे केले आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला अधिक गाजला. या वेळी गुन्हा होता वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याचा. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने प्रश्न विचारला असेल तर जाणकाराने उत्तर द्यायला हवे, अशी त्यांची भूमिका होती. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा आधार दिला. ते खटला हरले. दंड २०० रुपये. मासिक मात्र निघत राहिले.

आजचा जोयडा तालुका, म्हणजे तेव्हाचा सुपा, ज्या जिल्ह्यात येतो तो उत्तर कन्नड १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभारात होता. त्यामुळे गिरगावातल्या वाचकाने काय वाचावे हे ठरवणारे कोर्ट कारवारच्या, हल्याळच्या आणि सुप्याच्या वाचकासाठीही तेच ठरवत होते.

कर्वे आणि हिर्शफेल्ड दोघांच्याही विचारात एक कच्चा दुवा होता. ‘सुप्रजनन’, म्हणजे सुदृढ प्रजाच जन्माला यावी, या कल्पनेवर त्या काळच्या अनेक सुधारकांप्रमाणे त्यांचाही विश्वास होता. आपल्याला मुले व्हावीत की नाही हे स्त्रीने ठरवावे, इथपर्यंत ती कल्पना मुक्तीची होती. तेच शासन ठरवू लागले की काय होते, हे १४ जुलै १९३३ च्या नाझी कायद्याने दाखवले. त्या कायद्याने आनुवंशिक रोगी ठरवलेल्या लाखो लोकांची सक्तीने नसबंदी झाली.

आधी लहान दारे बंद झाली

वायमार प्रजासत्ताक ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवशी संपले, असे सांगितले जाते. समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या बर्लिनचा घटनाक्रम पाहिला तर शेवट आधीच सुरू झाला होता. डिसेंबर १९२६ मध्ये, लोकशाही संसदेतच, तरुणांना ‘घाणेरड्या’ वाङ्मयापासून वाचवण्याचा कायदा मंजूर झाला. त्याच्या कचाट्यात ‘डी फ्रॉइंडिन’ सापडले. २० जुलै १९३२ रोजी चॅन्सेलर फॉन पापेन यांनी अध्यक्षांच्या वटहुकुमाने प्रशियाचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले. नव्या पोलीसप्रमुखांनी समलिंगी जोडप्यांच्या नाचांवर बंदी आणली आणि वर्षअखेर ‘एल्डोराडो’ बंद पडले. हिटलर सत्तेवर यायला अजून अवकाश होता.

त्यानंतर सारे झपाट्याने घडले. २७ फेब्रुवारी १९३३ ला संसदभवनाला आग लागली आणि २३ मार्चला संसदेने आपले अधिकार हिटलरच्या हाती दिले. ६ मे रोजी नाझी विद्यार्थ्यांनी हिर्शफेल्डची संस्था लुटली. १० मेच्या रात्री ऑपेरा चौकातील होळीत तिच्या ग्रंथालयातली हजारो पुस्तके जाळली गेली. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होता. १४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, तो फ्रान्समधील नीस येथे वारला. १९३५ मध्ये कलम १७५ आणखी कडक झाले आणि हजारो समलिंगी पुरुष छातीवर गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत गेले. १९३७ मध्ये म्युनिकला ‘अवनत कला’ या नावाने भरवलेल्या प्रदर्शनात डिक्स आणि ग्रोस्झ यांची चित्रे हसे करण्यासाठी टांगली गेली.

कॅसलरॉकच्या पलीकडेही असेच एक प्रजासत्ताक नुकतेच कोसळले होते. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले. मराठी शाळा, वाचनालये आणि वृत्तपत्रे वाढली. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ याच मोकळ्या वाऱ्यात निघाले. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने ते प्रजासत्ताक संपले. पुढे सालाझारची हुकूमशाही आली, वृत्तपत्रांना पूर्वतपासणी लागली आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरवले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गव्हर्नरच्या कौन्सिलमध्ये त्याला ठरावाने विरोध केला. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र १९३७ मध्ये बंद पडले.

मुंबईला आलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन

जर्मनी आणि ऑस्ट्रियातून बाहेर फेकल्या गेलेल्यांपैकी काही जण मुंबईला आले. १९०८ मध्ये बर्लिनला जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ रुडॉल्फ फॉन लायडेन १९३३ मध्ये आले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहू लागले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक झाले. व्हिएन्नाचेच एमॅन्युएल श्लेसिंगर उद्योजक आणि चित्रसंग्राहक होते. १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्या तरुणांची चित्रे पाहणारे, विकत घेणारे आणि त्यांच्याविषयी लिहिणारे सुरुवातीचे लोक म्हणजे हे तिघे. फॉन लायडेन यांनी पुढे गंजिफाच्या पत्त्यांवर जन्मभर संशोधन केले. सावंतवाडीची जी कला आपल्याला घरची वाटते, तिचा हा एक मोठा अभ्यासक बर्लिनचा होता.

अश्लीलतेच्या कायद्याने या चित्रकारांनाही सोडले नाही. १९४९ मध्ये सूझाच्या चित्रांवर पोलिसांची नजर पडली आणि त्याच वर्षी तो लंडनला गेला. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रावर खटला झाला. ते मात्र कोर्टात जिंकले.

हिशेब

हिर्शफेल्डची संस्था चौदा वर्षे टिकली. तिच्याकडे वाडा होता, ग्रंथालय होते, जगभर कीर्ती होती. ‘समाजस्वास्थ्य’जवळ एक संपादक, त्याची पत्नी आणि थोडे वर्गणीदार होते. तरी ते दंड भरून २६ वर्षे, त्यांतली वीस परक्या राजवटीखाली, निघत राहिले आणि १९५३ मध्ये कर्व्यांबरोबरच संपले. ब्रिटिश राज्य उदार होते असा याचा अर्थ नाही. त्या राज्यात कायदा अन्यायाचा होता, पण दंड ठोठावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकावे लागे आणि उभा राहायला आंबेडकरांसारखा वकील मिळू शकत होता. मे १९३३ च्या बर्लिनमध्ये सुनावणीच उरली नव्हती. ती जाण्याच्या सुमारे साडेसहा वर्षे आधी लहान लहान बंद्यांची सुरुवात लोकशाहीतल्याच बहुमताने केली होती. त्या बंद्या नाचघरांवर आणि कोपऱ्यातल्या मासिकांवर होत्या, म्हणून बाकीच्यांना त्या आपल्या वाटल्या नाहीत.

पश्चिम जर्मनीने कलम १७५ चे नाझी रूप १९६९ पर्यंत जसेच्या तसे ठेवले. ते पूर्ण रद्द झाले १९९४ मध्ये. भारतात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले. त्यामागे अशोक राव कवी यांचा हमसफर ट्रस्ट, बिंदुमाधव खिरे यांचे पुण्यातील काम आणि अनेक अर्जदार यांची दीर्घ खटपट होती. त्यांच्या साठ-सत्तर वर्षे आधी मराठीत हा विषय शांतपणे मांडणाऱ्या मासिकाचे अंक आता संगणकावर उपलब्ध आहेत. जर्मनीत जळालेली पुस्तके परत येणार नाहीत. आपल्या भाषेतली ही पाने शिल्लक आहेत, तेव्हा ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी ती एकदा तरी वाचावीत.